कुत्र्याला घेऊन जर्मनीला जाताना : आरोग्याच्या कागदपत्रांची क्रमवार तयारी

नोकरीनिमित्त पुण्याहून किंवा मुंबईहून जर्मनीला निघालेल्या घरात व्हिसा, भाड्याचे घर आणि मुलांची शाळा यांचा खल महिनोन्‌महिने चालतो. घरातल्या कुत्र्याचे कसे करायचे, हा प्रश्न मात्र बहुधा तिकिटे काढून झाल्यावर पुढे येतो, आणि तोवर उशीर झालेला असतो. भारतातून युरोपीय संघातील देशात कुत्रा न्यायचा असेल आणि तयारी अगदी पहिल्यापासून करायची असेल, तर चार महिन्यांहून थोडा अधिकच काळ हाताशी लागतो. ही मुदत जादा शुल्क भरून किंवा कोणाची ओळख काढून कमी होत नाही, कारण रेबीजचा विषाणू शरीरात किती काळ दबा धरून बसू शकतो, यावरून ती ठरवलेली आहे.

आमची काजू ही कोथरूडच्या एका गल्लीत पावसात भिजताना सापडलेली गावठी कुत्री. तिला स्टुटगार्टला नेताना आमच्याकडे एकूण एक कागद होता, तरीही आमचे चार महिने वाया गेले, कारण त्या कागदांवरच्या तारखांचा क्रम चुकला होता. ते कसे घडले हे पुढे ओघात येईलच. नव्याने तयारीला लागणाऱ्याने मात्र एवढे आधीच मनाशी पक्के करावे, की या कामातला प्रत्येक कागद त्याच्या आधीच्या कागदावर उभा असतो आणि खालचा एक निसटला की वरचे सगळे ढासळतात.

पुढील सर्व माहिती स्वतःच्या पाळीव कुत्र्याला स्वतःबरोबर नेण्याविषयी आहे. विक्रीसाठी किंवा दुसऱ्या कोणाला दत्तक देण्यासाठी नेल्या जाणाऱ्या कुत्र्यांचे नियम वेगळे असतात. लस टोचण्याआधी कुत्र्याची जातही पाहून घ्यावी. जर्मनीने २००१ साली केलेल्या कायद्यानुसार पिट बुल टेरियर, अमेरिकन स्टॅफर्डशायर टेरियर, स्टॅफर्डशायर बुल टेरियर आणि बुल टेरियर या जातींचे व त्यांच्या संकरातून झालेले कुत्रे तिथे कायमचे राहायला नेता येत नाहीत. काही राज्यांच्या याद्या याहून मोठ्या आहेत, म्हणून ज्या राज्यात राहायला जायचे आहे तिथली यादीही तपासावी. स्टुटगार्ट ज्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यात येते आणि म्युनिक ज्या बव्हेरियात, त्या दोन्ही ठिकाणी स्वतंत्र नियम आहेत.

रेबीजची जोखीम पाहून युरोपीय संघाने देशांच्या याद्या केल्या आहेत. कमी जोखमीच्या देशांच्या यादीत भारत नाही, त्यामुळे आपल्या कुत्र्यांना चिप आणि लस यांच्या जोडीला रक्ताची तपासणी आणि त्यानंतर तीन महिन्यांची प्रतीक्षा सक्तीची आहे. गोव्याच्या वाचकांना याचे वाईट वाटणे स्वाभाविक आहे, कारण वर्षानुवर्षे चाललेल्या लसीकरण मोहिमेनंतर २०२१ साली गोवा हे रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून घोषित झाले. तरीही परदेशातील अधिकारी राज्य पाहत नाहीत, देश पाहतात, आणि पणजीतल्या कुत्र्याला पुण्यातल्या कुत्र्याइतकेच थांबावे लागते.

आधी चिप, मग लस

सुरुवात चिपपासून होते. तांदळाच्या दाण्याएवढी ही चिप काचेच्या आवरणात बंद असते आणि नेहमीपेक्षा जरा जाड सुईने मानेच्या खाली, दोन्ही खांद्यांच्या मधोमध कातडीखाली बसवली जाते. तिच्यात बॅटरी नसते. वाचनयंत्र जवळ नेले, की त्याच्या लहरींवर ती जागी होते आणि आपला पंधरा आकडी क्रमांक सांगते. चिप घेताना ती आयएसओ ११७८४ आणि ११७८५ या मानकांची आहे, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारून घ्यावे. या मानकांतील चिप १३४.२ किलोहर्ट्झवर वाचली जाते आणि विमानतळावरची यंत्रे तीच वाचतात. क्रमांकाची सुरुवात भारताच्या ३५६ या संकेताने न होता ९ने झालेली दिसली, तर घाबरून जाऊ नये. ते आकडे चिप बनवणाऱ्या कंपनीचा संकेत असतात आणि तेही चालतात.

चिपच्या पाकिटात बारकोडचे छोटे स्टिकर असतात. त्यांतला एक लसीच्या पुस्तिकेत लावून घ्यावा आणि उरलेले जपून ठेवावेत, कारण रक्ताच्या नमुन्याच्या अर्जावर हाताने पंधरा आकडे लिहिण्यापेक्षा स्टिकर चिकटवणे कितीतरी सुरक्षित असते. चिप बसवल्याची तारीख, शरीरावरची जागा आणि डॉक्टरांची सही पुस्तिकेत त्याच दिवशी घ्यावी. नंतर आठवणीने भरलेली तारीख पुढे गळ्यात येते.

यानंतरच रेबीजची लस द्यायची असते. नियमाचा अर्थ सोपा आहे: चिप बसण्याआधी दिलेली लस याच कुत्र्याला दिली होती, हे सिद्ध करण्याचे कोणतेही साधन अधिकाऱ्यापाशी नसते, म्हणून ती लस दिलीच नाही असे धरले जाते. एकाच भेटीत दोन्ही करता येतात, पण आधी चिप बसवावी, यंत्राने वाचून घ्यावी आणि मग लस टोचावी.

आमचे घोडे नेमके इथेच अडले. काजूला पाच वर्षे नियमाने रेबीजची लस मिळत होती आणि त्या वर्षीची लसही वेळेवर झाली. चिप मात्र त्यानंतर आठ दिवसांनी बसवली गेली, कारण लसीच्या दिवशी दवाखान्यात चिप शिल्लक नव्हती. डॉक्टरांनी म्हटले, आठवड्याने काय बिघडते, आणि आम्हालाही त्यात काही वावगे वाटले नाही. पुढे रक्त तपासले गेले, अहवाल उत्तम आला, आणि प्रवासाला पाच आठवडे उरले असताना मी जेवणाच्या टेबलावर सगळे कागद तारखेनुसार मांडले, तेव्हा लसीचा कागद चिपच्या कागदाच्या आधी येऊन बसला. तो क्षण मला अजून आठवतो, कारण काजू तेव्हा टेबलाखाली माझ्या पावलांवर डोके ठेवून झोपली होती. पुन्हा लस, पुन्हा तीस दिवस, पुन्हा रक्त, पुन्हा तीन महिने. माझे यजमान ठरल्या तारखेला एकटे गेले आणि मी तिच्याजवळ मागे राहिले.

लसीची नोंद

पिल्लाला रेबीजची लस वयाचे बारा आठवडे पूर्ण होण्याआधी दिली, तर ती या कामासाठी ग्राह्य धरत नाहीत. पुस्तिकेत लसीचे नाव, उत्पादकाचे नाव, बॅच क्रमांक, दिल्याची तारीख आणि ‘या तारखेपर्यंत वैध’ अशी नोंद हवी. बाटलीवरचे सोलून लावलेले लेबल असेल तर फारच चांगले. त्याखाली डॉक्टरांची सही, शिक्का आणि राज्य पशुवैद्यक परिषदेकडील नोंदणी क्रमांक असावा. डिस्टेंपर, पार्व्हो इत्यादी रोगांची एकत्रित लस दिलेली असणे कुत्र्याच्या हिताचे आहेच, पण युरोपीय प्रमाणपत्र विचारते ते रेबीजविषयी, म्हणून रेबीजची नोंद वेगळ्या ओळीत स्पष्ट असावी.

दरवर्षीची लस वैधतेची तारीख उलटण्याआधी दिली गेली, तरच ती आधीच्या लसीची पुढची कडी मानली जाते. एक दिवस जरी मध्ये मोकळा गेला, तरी नवी लस पहिलीच लस ठरते आणि प्रतीक्षेचा सगळा हिशेब नव्याने सुरू होतो. म्हणून तीन महिन्यांच्या प्रतीक्षेच्या मधेच जुन्या लसीची मुदत संपत नाही ना, हे कॅलेंडर समोर ठेवून पाहावे, आणि संपत असेल तर मुदतीच्या आठ-पंधरा दिवस आधीच पुढची लस देऊन टाकावी.

रक्ताची तपासणी

या सगळ्या खटाटोपाचा कणा म्हणजे ही तपासणी. लस दिली एवढे पुरेसे नसते. तिच्यामुळे कुत्र्याच्या शरीरात रेबीजविरुद्धची प्रतिपिंडे म्हणजे अँटीबॉडीज पुरेशी तयार झाली आहेत, हे दाखवावे लागते, आणि त्यासाठी रक्तजलात म्हणजे सीरममध्ये दर मिलिलिटरला किमान ०.५ आंतरराष्ट्रीय एकक इतके प्रमाण यावे लागते. लशीनंतर निदान तीस दिवस गेल्यावरच रक्त काढायचे असते. तपासणी युरोपीय संघाने मान्यता दिलेल्या प्रयोगशाळेतच व्हावी लागते. जवळच्या लॅबमध्ये केलेली, कितीही चांगली असली तरी चालत नाही. मान्य प्रयोगशाळांची यादी युरोपीय आयोग प्रसिद्ध करतो आणि ती बदलत असते, म्हणून कोणाच्या सांगण्यावर न जाता रक्त काढण्याच्या आठवड्यात ती यादी स्वतः उघडून पाहावी.

नमुना पाठवण्याची पद्धत नीट समजून घ्यावी. रक्त काढल्यावर ते गोठू देऊन फिरत्या यंत्रात घालतात आणि वर आलेला पिवळसर द्रव तेवढा वेगळा करून, थंड ठेवून पाठवतात. घाईत हाताळल्याने तांबड्या पेशी फुटल्या, की हा द्रव लालसर दिसतो आणि नमुना नाकारला जाण्याची शक्यता वाढते, कारण चाचणी जिवंत पेशींवर केली जाते आणि खराब नमुना त्या पेशींनाच मारतो. बाटलीवर आणि अर्जावर कुत्र्याचे नाव, मालकाचे पासपोर्टवर आहे तसेच नाव, चिपचा क्रमांक आणि रक्त काढल्याची तारीख असावी. रक्त काढण्याआधी डॉक्टरांना चिप यंत्राने वाचायला सांगावी. आमच्या दुसऱ्या खेपेला मी पडद्यावरचे आकडे तीन-तीनच्या गटाने मोठ्याने वाचले आणि मदतनिसाने अर्जावरच्या आकड्यांवर पेन टेकवत ते ताडून पाहिले. दोन मिनिटांचे हे काम कोणालाही जाचक वाटू नये. एक आकडा उलटसुलट झाला, तर अहवाल दुसऱ्याच कुत्र्याचा ठरतो.

तीन महिन्यांची प्रतीक्षा रक्त काढल्याच्या तारखेपासून मोजतात, अहवाल हाती आल्याच्या तारखेपासून नाही. त्यामुळे अहवाल यायला काही आठवडे लागले, तरी ते दिवस प्रतीक्षेतच धरले जातात. ही प्रतीक्षा कशासाठी, हेही जाणून घ्यावे. लस देण्याआधीच एखाद्या पिसाळलेल्या प्राण्याने कुत्र्याला चावा घेतला असेल, तर लस घेऊन आणि प्रतिपिंडे दाखवूनही त्याच्यात रोग दडलेला असू शकतो. तो बाहेर यायचाच असेल, तर या काळात बहुधा येतो. ज्यांच्या देशातून रेबीज जवळजवळ हद्दपार झाला आहे, त्यांनी ही खबरदारी घेणे मला तरी रास्त वाटते.

प्रमाण ०.५पेक्षा कमी आले, तर पुन्हा लस, पुन्हा तीस दिवस आणि पुन्हा नमुना, याखेरीज मार्ग नाही. पिल्लांच्या आणि आयुष्यात पहिल्यांदाच लस घेणाऱ्या कुत्र्यांच्या बाबतीत एका लसीने प्रमाण काठावर राहू शकते. म्हणून तीन-चार आठवड्यांनी दुसरी मात्रा देऊन, तिच्यानंतर तीस दिवस मोजून रक्त काढावे का, हे डॉक्टरांशी बोलून ठरवावे. एक दिलासा असा, की समाधानकारक अहवाल एकदा आला आणि पुढच्या लसी खंड न पडता वेळेवर होत राहिल्या, तर युरोपीय संघासाठी ही तपासणी पुन्हा करावी लागत नाही. त्यामुळे परदेशी जाण्याची नुसती शक्यता असली, तरी हे काम आधीच उरकून ठेवावे.

तारखांचा हिशेब

समजा, ५ जानेवारीला चिप बसवली आणि त्याच दिवशी लस दिली. तीस दिवस ४ फेब्रुवारीला पूर्ण होतात. मी तरी दोन दिवस सोडून ६ फेब्रुवारीला रक्त काढीन, म्हणजे दिवस मोजण्यावरून कोणाशी वाद होणार नाही. तिथून तीन महिने धरले, तर ६ मेच्या आधी कुत्रा युरोपात उतरू शकत नाही, आणि तिकीट १० मेच्या सुमाराचे काढावे. अगदी लहान पिल्लू असेल, तर बारा आठवड्यांची पहिली लस, तीस दिवस आणि तीन महिने मिळून ते जवळजवळ सात महिन्यांचे होईपर्यंत निघू शकत नाही. हा हिशेब मुलाखतीच्या वेळीच कंपनीला सांगितला, तर रुजू होण्याची तारीख त्यानुसार मागता येते. आम्ही तो सांगायला संकोचलो आणि पुढे त्याचा त्रास झाला.

देश बदलला, की हिशेबही बदलतो. आयर्लंड, फिनलंड, माल्टा आणि नॉर्वे या देशांत उतरण्याच्या आधी २४ ते १२० तासांच्या आत कुत्र्याला पट्टकृमीवरील औषध पशुवैद्याकडून देऊन त्याची वेळेसह नोंद करावी लागते. ब्रिटनलाही हे औषध लागते, शिवाय तिथे साहाय्यक कुत्र्यांचा अपवाद सोडला तर विमानातून येणारा कुत्रा मालवाहतूक म्हणूनच उतरवावा लागतो, प्रवाशाच्या सामानात नाही. अमेरिकेने १ ऑगस्ट २०२४पासून नियम कडक केले आहेत: कुत्रा सहा महिन्यांचा पूर्ण असावा, चिप असावी, आणि भारतासारख्या जोखमीच्या देशात लस घेतलेल्या कुत्र्यासाठी सरकारी पशुवैद्याने साक्षांकित केलेला विहित अर्ज व नोंदणीकृत प्राणी-निगा केंद्रातील आरक्षण लागते, मान्य प्रयोगशाळेचा रक्ताचा अहवाल नसेल, तर तिथे २८ दिवस विलगीकरणात ठेवतात. जपानला रक्त काढल्यापासून १८० दिवस थांबावे लागते आणि पोहोचण्याच्या किमान ४० दिवस आधी कळवावे लागते. ऑस्ट्रेलियात भारतातून थेट कुत्रा नेताच येत नाही.

शेवटच्या दहा दिवसांतले कागद

आतापर्यंतची तयारी सावकाश करण्याची होती. इथून पुढे मात्र प्रत्येक दिवस मोजून काढावा लागतो. दोन वेगळे कागद लागतात आणि नवखा माणूस त्यांची बहुतेक वेळा गल्लत करतो. एक म्हणजे भारत सरकारच्या पशुसंवर्धन व दुग्धव्यवसाय विभागाच्या अखत्यारीतील पशू विलगीकरण व प्रमाणन सेवेचे निर्यात आरोग्य प्रमाणपत्र, ज्यावाचून कुत्रा भारताबाहेर जाऊ शकत नाही. दुसरे म्हणजे युरोपीय संघाने ठरवून दिलेल्या नमुन्यातील प्राणी आरोग्य प्रमाणपत्र, ज्यावाचून तो युरोपात शिरू शकत नाही. या दुसऱ्या कागदावर सरकारी पशुवैद्याची सही किंवा साक्षांकन लागते, आणि सही झाल्यापासून दहा दिवसांच्या आत युरोपातल्या पहिल्या विमानतळावर त्याची तपासणी व्हावी लागते.

या सेवेची केंद्रे मुंबई, दिल्ली, चेन्नई, कोलकाता, हैदराबाद आणि बेंगळुरू या सहा शहरांत आहेत. महाराष्ट्रातल्या बहुतेकांना मुंबई सोयीची. नागपूरकडच्यांना हैदराबाद आणि गोव्याच्या वाचकांना बेंगळुरू जवळचे वाटू शकते, पण ज्या विमानतळावरून उड्डाण आहे तिथलेच केंद्र धरणे उत्तम. निघण्याच्या महिनाभर आधी कार्यालयाशी संपर्क साधून अर्जाची चालू पद्धत विचारून घ्यावी, आणि प्रवासाच्या आधीच्या आठवड्यातील दिवस ठरवावा. त्या दिवशी कुत्र्याला प्रत्यक्ष घेऊन जावे लागते. सोबत पासपोर्टची प्रत, विमानाचे तिकीट, लसीची मूळ पुस्तिका, रक्ताचा मूळ अहवाल, चिपचा दाखला आणि नोंदणीकृत पशुवैद्याने नुकतेच दिलेले प्रवासयोग्यतेचे प्रमाणपत्र असावे. प्रत्येकाच्या दोन-दोन झेरॉक्स प्रती वेगळ्या ठेवाव्यात. हे प्रवासयोग्यतेचे प्रमाणपत्र नेहमीच्या डॉक्टरांकडून घेता येते. मुंबईत ज्यांना ओळखीचा दवाखाना नाही, ते परळच्या बैलघोडा हॉस्पिटलाकडे जातात. कुत्र्याच्या अंगावर गोचिडी किंवा पिसवा असू नयेत, कातडीवर उघडी जखम असू नये, आणि दोन दिवस आधी आंघोळ घातलेली असावी.

युरोपीय प्रमाणपत्र भरताना काही बारकावे सांभाळावे लागतात. ते इंग्रजीत आणि ज्या देशात युरोपात प्रथम उतरणार त्या देशाच्या भाषेत असावे लागते. स्टुटगार्टला जायचे असले तरी विमान पॅरिसला बदलणार असेल, तर पहिला देश फ्रान्स होतो आणि भाषा फ्रेंच. म्हणून मी थेट फ्रँकफर्टचे किंवा म्युनिकचे विमान घ्यावे असे सुचवते. लागू नसलेली वाक्ये खोडून त्या प्रत्येक ठिकाणी अधिकाऱ्याची आद्याक्षरे आणि शिक्का घ्यावा लागतो. सही छपाईपेक्षा वेगळ्या रंगाची हवी, म्हणजे मजकूर काळा छापला असेल तर सही निळ्या शाईने. आपल्या खिशात चांगले निळे पेन ठेवावे. रक्ताच्या अहवालाची साक्षांकित प्रत जोडावी. शेवटी मालकाचे लेखी निवेदन असते, की कुत्रा विक्रीसाठी नाही आणि मालक किंवा त्याने लेखी अधिकार दिलेली व्यक्ती कुत्र्याच्या प्रवासाच्या आधी किंवा नंतर पाच दिवसांच्या आत प्रवास करत आहे. घरातले एक जण पुढे गेले असेल, तर निवेदनावर कोणाचे नाव घालायचे हे आधी ठरवावे. आमच्याकडे तिकीट माझे आणि लसीची पुस्तिका यजमानांच्या नावावर होती, म्हणून अधिकारपत्र लिहून जोडावे लागले.

कार्यालयातून बाहेर पडण्याआधी तिथेच बाकावर बसून चिपचा क्रमांक पुस्तिकेवर, अहवालावर आणि दोन्ही प्रमाणपत्रांवर आकडा न्‌ आकडा ताडून पाहावा. खुंटा हलवून बळकट करण्याची ही जागा आहे. चूक त्या क्षणी सापडली तर अधिकारी लगेच दुरुस्त करून देऊ शकतो, विमानतळावर सापडली तर कोणीही काही करू शकत नाही. शनिवार-रविवार, गणपती, दिवाळी आणि इतर सरकारी सुट्ट्या धरूनच दिवस ठरवावा. वाहतूक संस्थेला काम दिले असले, तरी हे ताडून पाहणे मालकानेच करावे.

विमानाविषयी थोडक्यात. कुत्र्याची जागा तिकिटाच्या वेळीच नोंदवावी आणि पिंजरा आयाटा या विमान संघटनेच्या नियमांप्रमाणे, म्हणजे कुत्र्याला आत उभे राहता, वळता आणि आडवे होता येईल एवढा घ्यावा. पग, बुलडॉग, शीत्झू अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांना बऱ्याच कंपन्या उष्ण महिन्यांत किंवा मुळातच घेत नाहीत. गुंगीचे औषध देऊ नये. उंचीवर त्याने श्वास आणि रक्तदाब बिघडू शकतो, आणि गुंगीतला कुत्रा कंपनी नाकारते. त्याऐवजी पिंजरा दोन महिने आधी घरात उघडा ठेवावा. काजू दहाव्या दिवसापासून आपणहून त्यात झोपू लागली.

उतरल्यावर

युरोपीय संघाबाहेरून आलेला कुत्रा ठरवून दिलेल्या विमानतळांवरूनच आत येऊ शकतो. फ्रँकफर्ट आणि म्युनिक त्यांत आहेत. सामान घेतल्यावर हिरव्या मार्गाने न जाता लाल मार्गाने सीमाशुल्क अधिकाऱ्यांकडे जावे आणि कुत्रा असल्याचे सांगावे. कागद हातातल्या पिशवीत, मूळ प्रती वर आणि झेरॉक्स खाली, अशा ठेवाव्यात. अधिकारी चिप वाचतात आणि क्रमांक प्रमाणपत्रावरच्या क्रमांकाशी जुळवतात. कागद अपुरे असतील, तर कुत्र्याला मालकाच्या खर्चाने परत पाठवण्याचा किंवा विलगीकरणात ठेवण्याचा अधिकार त्यांना आहे, आणि दोन्ही शक्य नसतील तर शेवटचा उपाय म्हणून कुत्र्याला मारण्याचीही तरतूद नियमात आहे. हे लिहिताना मला यातना होतात, पण नवख्या वाचकापासून ते लपवणे योग्य नाही.

आमच्या वेळी ते काम पाव तासात झाले. अधिकारी बाईंनी यंत्र मानेवरून फिरवले, एक बारीक आवाज झाला, त्यांनी कागदावर बोट ठेवून आकडे पाहिले आणि पिंजऱ्याच्या जाळीतून काजूला बोटे हुंगू दिली.

स्थिरावल्यावर तिथल्या पशुवैद्याकडे भारतातले कागद दाखवून युरोपीय संघाचा पाळीव प्राण्याचा पासपोर्ट करून घ्यावा, म्हणजे पुढे संघातल्या दुसऱ्या देशांत जाताना हे प्रमाणपत्र पुन्हा लागत नाही. चिपचा क्रमांक टासो या नोंदवहीत विनामूल्य नोंदवता येतो. कुत्रा हरवला तर त्यामुळे तो सापडण्याची आशा राहते. नगरपालिकेत नोंद करून श्वानकर भरावा लागतो. भारतातले सगळे मूळ कागद, विशेषतः निर्यात प्रमाणपत्र, फाइलमध्ये तसेच ठेवावेत, कारण कुत्र्याला परत आणायचे झाले तर भारतात उतरण्यापूर्वी त्याच सेवेचे ना हरकत प्रमाणपत्र घ्यावे लागते आणि तेव्हा तो इथूनच गेला होता हे दाखवणारा पुरावा हाताशी असलेला बरा. पुढच्या रेबीजच्या लसीची तारीख मोबाइलमध्ये पंधरा दिवस आधीची घालून ठेवावी, आणि त्या दिवशी नव्या डॉक्टरांनाही सुई उचलण्याआधी चिप वाचायला सांगावे.